पहिली सही सरोजाअक्कांची

अन्याय झाला तो सरोजाअक्कांवर. दोन हजार आठ साली, पोंगलनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीमागे एक गल्ली आहे, तिच्या तोंडाशी त्यांची इडलीची हातगाडी उभी असायची. त्या सकाळी आरोग्य खात्याची लॉरी आली. चार माणसं उतरली. त्यांनी शेगडी विझवली, पिठाचं पातेलं गटारात उपडं केलं आणि गाडी उचलून लॉरीत घातली. चढवताना तिचं एक चाक निखळून रस्त्यावर पडलं. ते अक्कांच्या हातात देऊन लॉरी निघून गेली. लेथवर काम करणारी पोरं रस्त्यापलीकडे उभी राहून बघत होती. त्यांची न्याहारीची वेळ टळून गेली होती, म्हणून ती चिडलेली होती, एवढंच.

हा अन्याय कोणी केला याची यादी करायची तर तिच्यात एक खातं येईल, एका आमदारांची कचेरी येईल, आणि सगळ्यात वर मी येईन.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं होतं, "अगं, तू आमदारांकडे काम केलंस ना, तिथल्या गमतीजमती लिही. दिवाळीचा अंक आहे." गमतीजमती आहेत, त्याही लिहिते. पण त्या गाडीच्या आड आल्या आणि मी त्या अर्धवट सोडल्या तर मला थांबवू नका.

माझे बाबा रेल्वेत, एग्मोरच्या ऑफिसात. घर गिंडीजवळ. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, आणि भांडायचं असेल तर तमिळच, कारण तिच्यात मला शब्द लवकर सुचतात. कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायला लागले. वसतिगृहातल्या भातातल्या खड्यांवर लिहिलं, बसच्या पासावर लिहिलं, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही म्हणून लिहिलं. एकपानी, झेरॉक्स केलेली पत्रकं. त्याचं एक तंत्र असतं. पहिल्या वाक्यात कोणावर अन्याय झाला ते सांगायचं आणि तिसऱ्या वाक्यापर्यंत वाचणाऱ्याच्या पोटात गोळा यायला हवा. कडी नसण्याचं पत्रक आमदारांचे पीए मुरुगेसन यांच्या हाती पडलं. त्यांनी मला बोलावून घेतलं. इथे मुलीबायकांना "मा" म्हणतात तसं म्हणाले, "हे बघ मा, तू आमच्या विरोधात लिहितेसच. आमच्या टेबलावर बसून लिही. पंखा आहे."

कचेरी म्हणजे पूर्वीचं शिंप्याचं दुकान. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी आठपासून लोक यायचे. ज्यांना लिहिता येत नाही, किंवा येतं पण सरकारी भाषेची भीती वाटते, ते माझ्यासमोर बसायचे. ते सांगायचे, मी अर्ज लिहायची, ते सही करायचे. अर्जावर शिक्का बसे, रजिस्टरात नोंद होई, आमदार हिरव्या शाईने "योग्य कार्यवाहीसाठी" असं लिहीत आणि कागद त्या त्या खात्याकडे जाई. अर्जदाराला एक कार्ड जाई: आपला अर्ज पुढे पाठवला आहे. लोक ते कार्ड लॅमिनेट करून रेशनकार्डासोबत जपून ठेवत. मी एका घरात सहा वर्षांची सहा कार्डं पाहिली आहेत. त्या घरासमोरचा दिवा अजून लागलेला नाही.

खात्याकडून उत्तर आलं की रजिस्टरात लाल अक्षरात लिहायचं, "निकाली." उत्तरात काय आहे ते महत्त्वाचं नाही. "शक्य नाही" असं आलं तरी निकाली. महिन्याच्या शेवटी लाल ओळी मोजून आमदारांचं पत्रक निघे. ते पत्रकही मीच लिहायची.

गमती म्हणाल तर एक निवृत्त तमिळ शिक्षक होते. आमच्या प्रत्येक कार्डातल्या चुका दुरुस्त करून, दहापैकी गुण देऊन ते कार्ड परत पाठवायचे. मला कधी चारच्या वर मिळाले नाहीत. एक आई आली होती, तिचा मुलगा श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कारखान्यात पाळीवर जायचा. कंपनीची बस गल्लीपासून लांब थांबते, पोरगं अंधारात चालत येतं, कुत्री मागे लागतात, म्हणून बस गल्लीशी थांबवा. आता कंपनीच्या बसवर आमदाराचा काय अधिकार? काहीही नाही. मुरुगेसननी फोन लावला, दोन मिनिटं हसून बोलले, आणि दुसऱ्या दिवसापासून बस थांबायला लागली.

यातून मी जे शिकायला हवं होतं ते शिकले नाही. आमदारांचा जिथे अधिकार नाही ते काम फोनवर होतं, आणि जिथे अधिकार आहे ते काम कागदावर जातं. आणि फोन कुठे ठरतात? लग्नात. मुहूर्ताच्या दिवशी आमदार पाच-पाच लग्नांना जायचे. मांडवात, पायऱ्यांवर, चपला घालताना लोक त्यांना गाठायचे. मुरुगेसनच्या शर्टाच्या खिशात एक छोटी डायरी असे. तिच्यात गेलेल्या ओळीला रजिस्टराची गरज नव्हती. माझं टेबल होतं ते ज्यांना लग्नाची पत्रिका मिळत नाही त्यांच्यासाठी.

आता पाणी.

त्या गल्लीत घरोघरी सरकारी नळाच्या नळीवर बसवलेले हातपंप होते. आदल्या दिवाळीपासून पाण्याला वास येऊ लागला. कुठेतरी गटाराची आणि पाण्याची नळी एकमेकींना भेटली होती. प्लास्टिकच्या घागरीत पाणी भरून ठेवलं की तासाभरात तळाशी काळं बसायचं. मुलांना काविळी झाल्या. सरोजाअक्कांची मुलगी महिनाभर पडून होती. शेवटी गल्लीतल्या बाया एका गुरुवारी कचेरीत आल्या आणि त्यांनी अक्कांना पुढे केलं, कारण अक्का सही करतात, कोणाला घाबरत नाहीत आणि सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत.

मी म्हटलं, "सगळ्यांचा एकच अर्ज करू. सामूहिक. दणदणीत."

"एकच कागद?" अक्का म्हणाल्या. "म्हणजे वजन पडेल ना, मा?"

"शंभर सह्या असल्यावर पडणारच."

हे मी कोणत्या तोंडाने सांगितलं? मला रजिस्टर पाठ होतं. सामूहिक अर्जावर शंभर सह्या असोत की हजार, रजिस्टरात त्याची ओळ एकच. त्या ओळीत नाव एकच, पहिल्या सहीचं. कार्ड तिला. नोटीस तिला. चौकशीचा माणूस येईल तो तिच्या दारात. बाकीचे सगळे "व इतर." मला हे माहीत होतं, आणि मला ते सोयीचं वाटलं होतं, कारण लिहायला सोपं जातं.

मी लिहीत होते, अक्का सांगत होत्या. मुलीची कावीळ, काळा गाळ, शेजारच्या म्हातारीचे जुलाब. मी विचारलं, "आणि तुमच्या इडल्या?"

"इडलीला मी विकतच्या कॅनचं पाणी घेते. डाळ भिजवायला, वाटायला, खाली वाफेला, सगळ्याला. वेडी आहे का मी? पोरं कामावर जातात माझं खाऊन."

हे मी ऐकलं. मला ऐकू आलं नाही असं झालेलं नाही. पण अर्ज मला थंड वाटत होता. काविळीचे अर्ज त्या महिन्यात बरेच आले होते. तिसरं वाक्य झालं, चौथं झालं, पोटात गोळा येत नव्हता. म्हणून मी लिहिलं: "याच गटाराच्या पाण्यात आमच्या इडल्या शिजतात आणि त्याच इडल्या खाऊन या वसाहतीतले शेकडो कामगार कामावर जातात."

लिहून झाल्यावर मी विचारलं, "वाचून दाखवू?"

मागे रांग होती. अक्कांनी रांगेकडे पाहिलं. "तू लिहिलंस म्हणजे झालं," म्हणाल्या, आणि पहिल्या ओळीवर सही केली. सावकाश, एकेक अक्षर गोल काढत.

त्या संध्याकाळी मी अर्जाची कार्बन प्रत घरी आणली होती. पत्रक चांगलं झालं की मी बाबांना दाखवायची. बाबांनी चष्मा लावून वाचलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पहिली सही कोणाची?"

"सरोजाअक्कांची. इडलीवाल्या."

"त्यांचीच का?"

"त्या पुढे आल्या म्हणून."

"सरकारी कागदावरचं पहिलं नाव म्हणजे धरायला दिलेला कान असतो," बाबा म्हणाले. छत्तीस वर्षं त्यांनी फायली चालवल्या आहेत. "ज्याचा कान कोणी पिरगाळू शकत नाही त्याची सही आधी घ्यायची असते."

"मग तुम्ही केली असती का?"

बाबांनी कागदाची घडी घातली. "माझी नोकरीची दोन वर्षं राहिली आहेत गं," म्हणाले, आणि बातम्या लावल्या.

मी रागावून आत गेले. राग त्यांच्यावर होता. माझ्या ओळीबद्दल तोवर मला काहीही वाटत नव्हतं.

अर्ज पाणी खात्याकडे गेला. त्यांनी तो वाचला. निदान कोणीतरी वाचला, कारण त्यांनी माझ्याच वाक्याखाली रेघ मारून तो आरोग्य खात्याकडे पाठवला. पाण्याच्या नळीपेक्षा इडलीची गाडी हलवणं सोपं. मग पोंगल झाला आणि तो मंगळवार आला.

लॉरीबरोबर आलेल्या निरीक्षकाने अक्कांच्या हातात जप्तीचा कागद ठेवला तेव्हा अक्कांनी विचारलं, "माझ्याविरुद्ध तक्रार कोणी केली?"

तो म्हणाला, "तुम्हीच."

अक्का तडक कचेरीत आल्या. हातात चाक तसंच. मला वाटलं ओरडतील. त्यांनी चाक माझ्या टेबलाला टेकवून ठेवलं आणि म्हणाल्या, "मा, त्या अर्जात काय लिहिलं होतंस ते आता वाचून दाखव."

मी वाचलं. इडलीच्या वाक्याशी आले आणि थांबले. मुरुगेसननी माझ्या हातातून प्रत घेतली आणि ते वाक्य पूर्ण केलं.

अक्कांनी चाक पुन्हा हातात घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, "पंधरा दिवसांत सोडवली नाही तर मोडीत काढतात म्हणे."

परवाना दाखवा आणि गाडी न्या, हा नियम. परवाना अक्कांकडे नव्हता, त्या रस्त्यावर कोणाकडेच नव्हता. वरून सांगणं आलं तर परवान्याशिवाय सुटते, हाही नियम, फक्त तो लिहिलेला नसतो. मी अर्ज लिहिला. गाडी सोडण्याबद्दल. शिक्का, नोंद, हिरवी शाई. अक्कांना कार्ड गेलं. तिसरा दिवस गेला, पाचवा गेला. मी आरोग्य खात्याच्या आवारात जाऊन आले. जाळीच्या पलीकडे गाड्यांचा ढीग होता, एकीवर दुसरी. अक्कांची गाडी मला निळ्या रंगावरून ओळखू आली. तिच्यावर उसाच्या रसाची गाडी ठेवलेली होती. पहारेकरी म्हणाला, "खालच्या आधी मोडतात. वरच्या काढायला सोप्या, त्या लोक सोडवून नेतात."

त्यानंतर मला जेवण जाईना. सकाळी उठलं की आधी दिवस मोजायची. अक्का रोज येऊन बाकावर बसायच्या. विचारायच्या नाहीत, फक्त टपाल आलं की मान वर करायच्या. लेथवरची पोरं आता पलीकडच्या टपरीवर पुरी खायला लागली होती. "एकदा दुसऱ्या चवीची सवय झाली की येत नाहीत," अक्का म्हणाल्या. आठवा दिवस गेला. दहावा गेला. मुरुगेसनना मी तीनदा म्हटलं, फोन करा ना. ते म्हणाले, "कागद गेलाय ना मा. कागद गेल्यावर फोन केला तर कागदाचा अपमान होतो." थट्टा करत होते की खरंच बोलत होते, ते मला आजही सांगता येणार नाही.

तेराव्या दिवशी मुहूर्त होता. तै महिना, लग्नांचा हंगाम. आमदारांची पाच लग्नं. चार ठिकाणी अक्षता आणि फोटो, एके ठिकाणी बसून न्याहारी. न्याहारी कुठे ते मला ठाऊक होतं, कारण शुभेच्छापत्रं मीच लिहिली होती आणि त्यांच्यावर क्रम घातला होता. पानावर बसलेल्या माणसाला उठता येत नाही. मी अक्कांना म्हटलं, "उद्या धुतलेलं लुगडं नेसून या. आपण लग्नाला चाललोय."

"कोणाच्या?"

"नाव ठाऊक आहे, ओळख मला पण नाही."

तेवढ्यातही त्या हसल्या.

मंगल कार्यालयाच्या जेवणघरात लांबच लांब टेबलं, त्यांच्यावर केळीची पानं. आमदार मधल्या पानावर. वेण्पोंगलची खिचडी आणि वडा वाढून झाला होता. आम्ही दोघी समोर जाऊन उभ्या राहिलो. मुरुगेसनची नजर माझ्यावर पडली आणि त्यांचा घास तिथेच थांबला.

"कोण मा? बसा, बसा," आमदार म्हणाले. "यांना पान वाढा रे."

अक्का हात जोडून म्हणाल्या, "अय्या, खायला नाही आले. चार लोकांना खायला घालता यावं म्हणून आले." आणि गाडीचं सांगितलं. नीट, तीन वाक्यांत. मी लिहिलं असतं त्यापेक्षा चांगलं.

आमदार माणूस वाईट नव्हते. ते ऐकायचे, ही त्यांची खरी हुशारी होती. त्यांनी मुरुगेसनकडे पाहिलं. मुरुगेसन वाकून कानाशी काहीतरी बोलले.

"पण आई, तुमच्याच अर्जात लिहिलंय, गटाराच्या पाण्यात इडल्या करता म्हणून. मी आता सोडा म्हणून सांगितलं आणि उद्या कोणी आजारी पडलं तर?"

अक्कांनी जोडलेले हात खाली घेतले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सांबार वाढणारा बादली घेऊन आमच्यामागे ताटकळला होता. मला कळलं की त्या सांगणार नाहीत. गाडी मोडीत गेली तरी चालेल, पण पोरीला चारचौघांत खोटी पाडणार नाहीत.

"ते वाक्य माझं आहे," मी म्हटलं. "खोटं आहे. त्यांनी मला कॅनच्या पाण्याचं सांगितलं होतं. मी उलटं लिहिलं."

"का?"

"जोर यावा म्हणून."

शेजारच्या पानावर कोणीतरी हसलं. आमदार हसले नाहीत. त्यांनी डाव्या हाताने मोबाइल काढला, कोणाला तरी नावाने हाक मारली आणि म्हणाले, "एक निळी गाडी आहे तुमच्याकडे. आज सोडा." झालं. वडा गार होण्याच्या आत झालं.

दुपारी गाडी आली. दुसरं चाक वाकलेलं, पत्रा चेपलेला, पण आली.

त्याच्या पुढच्या सोमवारी पाणी खात्याचं उत्तर आलं. अर्जातील मजकूर असत्य असल्याचे अर्ज लिहिणाऱ्या व्यक्तीने मान्य केल्यामुळे प्रकरण बंद करण्यात येत आहे. खात्याला हे कोणी कळवलं, मी विचारलं नाही. मुरुगेसननी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "लाल पेन घे मा. दोन आहेत. गाडीचं निकाली, पाण्याचं निकाली."

मी त्यांना सांगितलं की काळं पाणी खोटं नाही, कावीळ खोटी नाही, एक ओळ खोटी आहे. ते म्हणाले, "मग ती ओळ कशाला लिहिलीस?"

मी पेन खाली ठेवलं आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी गेले नाही, त्यांनी बोलावलंही नाही.

गल्लीतल्या बाया अक्कांना बोलल्या, "तुझी गाडी आली, आमचं पाणी गेलं." अक्कांनी ते मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "त्यांना सांगा, चूक माझी आहे." तर म्हणाल्या, "सांगितलं. त्या म्हणाल्या, ती पोरगी काय हे पाणी पिते?"

मी पीत नाही. आमच्या सोसायटीत फिल्टर आहे. भिंतीच्या या बाजूला आम्ही, पलीकडे ती गल्ली, आणि जमिनीखालचा मोठा नळ दोघांचा एकच.

या वर्षीही तिथे दोन मुलं काविळीने पडून आहेत. नवा अर्ज तयार आहे. लिहिला मीच, पण या वेळी अक्कांच्या ओसरीवर बसून सगळ्या बायांना दोनदा वाचून दाखवला. त्यांनी माझी चार वाक्यं काढून टाकली. एकीने तर पेन मागून स्वतः काट मारली, "हे फार होतंय" म्हणून. उरला तो कागद अर्ध्या पानाचा आहे. त्याच्यात एकही शब्द असा नाही की जो कोणी माझ्या किंवा अक्कांच्या तोंडावर फेकू शकेल.

गल्लीतल्या सह्या झाल्या आहेत. त्या आठव्या ओळीपासून सुरू होतात. वरच्या सात ओळी रिकाम्या ठेवल्या आहेत. बाबांना मी कागद दाखवला. त्यांनी तो वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. पेन अजून उचललेलं नाही. हे छापून आल्यावर घरात जे व्हायचं ते होईल.

आता तुमच्याशी बोलते. हा अंक वाचणारे तुम्ही बँकेत आहात, रेल्वेत आहात, शाळेत शिकवता, संरक्षण खात्याच्या कारखान्यात आहात. तुमच्यातले कितीतरी जण त्याच नळाचं पाणी गाळून पितात. तुमच्या पोटापाण्याचं साधन लॉरीत घालून कोणी नेणार नाही. फार तर एखादी नोटीस येईल, आणि नोटिशीला उत्तर कसं द्यायचं ते तुम्हाला चांगलं येतं. तेव्हा वाईट वाटून घेऊ नका, मला पत्र लिहून शाबासकीही देऊ नका. अंक हाती पडल्यावरच्या पहिल्या सोमवारी सकाळी आठ वाजता मंडळाच्या सभागृहात या. कागद आधी वाचा. खोटा वाटला तर माझ्या समोर खोडा. खरा वाटला तर सरोजाअक्कांच्या वर सही करा.